हसऱ्या फोटोसाठी

"तोंड धुऊन ये. जरा माणसात दिस."

मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला. नवं लुगडं त्यानं लांबूनच फेकलं. हाताला हात लागू नये म्हणून. ते खडीवर पडलं. मी वाकून उचललं.

आमची वस्ती भोसरीच्या शिवेवर, गावाबाहेर. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाना उठत होता. आई आणि मी बांबू-फळ्यांच्या परांचीवरून विटा वाहायचो. कारखान्याचं पुस्तक छापायचं म्हणून पुण्याहून फोटोवाले साहेब आले होते. दोन दिवस खांबाआडून आमचे फोटो काढत होते.

आई म्हणाली, "आमाला सांगून तरी काढा, साहेब."

ते हसले. "सांगितलं की तुम्ही लाकडासारख्या उभ्या राहता. नकळत काढला की खरं येतं. फिल्म धुतल्यावर कळतं."

तिसऱ्या दिवशी खरं आलं. परांचीच्या फळ्या बांधलेला सुंभ कुजलेला. आईनं सकाळीच मुकादमाला दाखवला होता. "सोंगं नकोत, चल," म्हणाला. दुपारी फळी करकरली. आई विटांसकट खाली. पाय भलतीकडंच वळलेला. आणि साहेब गुडघ्यावर बसलेले, कॅमेरा तिच्या तोंडासमोर. खट. खट.

संध्याकाळी मुकादम झोपडीच्या दाराशी आला. आत नाही. "कुणी विचारलं तर सांग, आई घरात पडली. कामावर नव्हतीच." आई कण्हत होती. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज अजून जात नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ते लुगडं. नेसले. चढले. तीच जागा, फळी नवी, दोर नवा. खाली रक्तावर माती ओढलेली. साहेबांनी माझी मान वर करायला लावली. डोक्यावरचं घमेलं रिकामं. ओझं दिसायला नको होतं.

"हस."

"साहेब, काल आईचा काढला त्यो फोटो कुठं हाय?"

खालचे हातोडे थांबले. साहेब कॅमेऱ्यातच बघत राहिले. "तो आला नाही. तू हलू नकोस."

"धुतल्याबिगर कसं कळलं?"

मी घमेलं फळीवर ठेवलं. उतरले. मुकादम आडवा आला. आवाज अगदी हळू. "पुण्यापर्यंत माझी माणसं हायेत. तुझी आई हलू शकत न्हाई, ध्यानात ठेव."

तरी मी थांबले नाही. शेजारच्या सोनामावशीला आईपाशी बसवलं आणि पुण्याची वाट धरली. चालत. कामगार कचेरीत बाबूनं विचारलं, "पुरावा काय?"

"मी बघितलंय. लिहा."

"पोरी, विचार कर. मोठ्या लोकांशी गाठ आहे."

खिडकीतून दिसत होतं. मुकादमाची दोन माणसं फाटकाशी बिड्या ओढत उभी होती.

"केलाय इचार," मी म्हणाले. "आईचं नाव आधी लिहा. कामावर व्हती, आसं लिहा. लिहून झाल्याबिगर मी हितनं हलणार न्हाई."