घणसोलीच्या अँबॅसडरचा अपघात

"सायब, चाय थंड व्हते," हसुराम मागून म्हणाला.

माझं डोकं त्याच्या अँबॅसडरच्या बॉनेटखाली होतं आणि ते मला बाहेर काढायचं नव्हतं. कारण तिथे मला तांबडा रंग सापडला होता.

बॉनेटच्या पुढच्या कडेला पत्रा आत दुमडलेला असतो. त्या घडीत, गाडीच्या पांढऱ्या रंगाला लागून, एक वाळलेला तांबडा थर होता. हेडलाइटच्या रिंगमागेही तसाच. खाली वाकून पाहिलं तर बंपरखालच्या पातळ पत्र्याला एकाच जागी चार-पाच पोचे. मला आनंद झाला. दुसऱ्याची गाडी ठोकलेली निघाली की आनंद व्हावा, असा माझा धंदा होता.

मी मोटार सर्व्हेयर होतो. अपघात झालेल्या गाडीचं नुकसान किती, ते इन्शुरन्स कंपनीला सांगायचं, आणि मधल्या वेळात कोणी जुनी गाडी घेत असेल तर ती तपासून द्यायची. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. वाशीत आमचं एका खोलीचं ऑफिस होतं. त्यात दोन टेबलं, वाडेकर साहेब आणि मी. वाशीच्या नव्या दवाखान्यातले डॉक्टर साहेबांचे स्नेही. त्यांना हसुरामची गाडी घ्यायची होती, म्हणून साहेबांनी मला घणसोली गावात पाठवलं होतं.

तांबड्या रंगाचं महत्त्व असं. ठोकलेली गाडी गॅरेजमध्ये सरळ करतात तेव्हा उघड्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून आधी रेड ऑक्साइड मारतात आणि त्यावर गाडीचा रंग. रंगारी कितीही सफाईचा असला तरी कुठल्यातरी फटीत तो तांबडा राहतोच. तो दिसला की समजायचं, गाडीने मार खाल्लाय. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी बरंच काही पुस्तकात वाचलं होतं.

पत्र्यातले खड्डे बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. लांबीवर चुंबक चिकटत नाही, म्हणून सर्व्हेयरच्या खिशात चुंबक असतो. मी तो गाडीच्या तोंडावर सगळीकडे लावून पाहिला. सगळीकडे चिकटला. याचा साधा अर्थ असा की लांबी कुठेच भरलेली नव्हती. मी अर्थ काढला की काम फारच हुशारीने केलेलं आहे.

"गाडी कुठे ठोकली होती?" मी चहाचा कप उचलत विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"ठोकली? कंदी नाय."

"अगदी थोडीसुद्धा?"

"सायब, या गारीला आमी आमच्या पोरांपेक्षा जपलंय."

असं सगळेच विक्रेते म्हणतात. मी मान हलवली आणि मनातल्या मनात रिपोर्टचं पहिलं वाक्य जुळवायला लागलो.

हसुराम माझ्याच वयाचा. घरची भातशेती नव्या शहरासाठी गेली, तिच्या मोबदल्यातून ही गाडी आली होती. लग्नाच्या वराती, पाहुणे, बाजार यांत तिची हौस फिटली, पण पोट भरेना. आता ती विकून त्याला टेम्पो घ्यायचा होता. तुर्भ्याच्या नव्या मार्केटचा माल वाहायचा होता. टेम्पोवाला रविवारपर्यंत थांबणार होता. जमीन गेलेल्या घरात विकण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. हे त्याने मला चहा पिताना सांगितलं. मी ऐकलं आणि इंजिनचा आवाज बरा आहे एवढं टिपून निघालो.

रिपोर्ट मी इंग्रजीत लिहिला. समोरून जोरदार धडक, नंतर कौशल्याने केलेली दुरुस्ती, विक्रेत्याकडून माहिती दडवण्याचा प्रयत्न. दोनदा वाचला आणि खूश झालो. डॉक्टरांनी तो वाचून गाडीला नकार कळवला.

दुसऱ्या दिवशी हसुराम ऑफिसच्या दारात उभा.

"सायब, आयनी बोलावलंय."

"कोणाला?" वाडेकर साहेबांनी विचारलं.

"ज्यानी गारी ठोकली बोल्ला त्याला."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "गायकवाड, तुमची खात्री आहे ना?"

"शंभर टक्के, साहेब."

"मग जाऊन या. डॉक्टरांनाही घेऊन जा. खात्री असली की साक्षीदाराचं भय नसतं."

घणसोलीच्या त्या चिंचोळ्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा गाडीभोवती शेजारपाजार जमला होता. हसुरामची आई ओट्यावर बसली होती. नऊवारी, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत.

"कोन तो सायब?"

"यो," हसुरामने मला पुढे केलं.

"कुठं दिसली रं तुला गारी ठोकलेली?"

मी तांबडा थर दाखवला. रेड ऑक्साइड म्हणजे काय तेही सांगितलं, सोप्या भाषेत, सावकाश. ती शांतपणे ऐकत राहिली. मग घरातून खोबरेल मागवलं, बोट बुडवून त्या घडीत फिरवलं आणि ते लालभडक बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"कुंकू हाय यो, कुंकू! सनाला लावतो, अवसेला लावतो, वरात निगाली का लावतो. तुज्या घरी गारीला कुंकू लावत नाय?"

नव्हतो लावत. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात पूजा नव्हती. वाहनपूजेचा तर प्रश्नच नव्हता, कारण वाहन नव्हतं.

"पण मग हे पोचे?" मी शेवटची काडी धरली.

"नारल."

गल्ली मातीची. जमिनीवर आपटला तर नारळ फुटत नाही, रुततो. म्हणून म्हातारी तो बंपरवर फोडायची. नजर कमी झालेली, त्यामुळे कधीकधी नेम खाली जायचा.

"असं कसं होईल?" मी म्हणालो. हे मी बोलायला नको होतं. म्हातारीने माझ्या हातात नारळ दिला.

"आजी, मी पूजा करत नाही."

"तुला पूजा कोन सांगते? तू फकस्त आपट. पूजा मी करन."

आयुष्यात मी नारळ फोडलेला नव्हता. आमच्याकडे, मराठवाड्यात, वाण्याकडून सुकं खोबरं यायचं. मी दोन्ही हातांनी नारळ उचलला, डोळे मिटले आणि मारला. बंपर चुकला. खालच्या पत्र्यातून ढोलासारखा आवाज आला. जुन्या पोच्यांच्या शेजारी त्यांचाच सख्खा भाऊ उमटला.

"सायबानी गारी ठोकली!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. हसण्यात डॉक्टरही सामील झाले. दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला आणि पाणी त्यांच्या पँटीवर उडालं, तेव्हा थांबले.

मी रिपोर्ट मागे घेतो म्हणालो. पण डॉक्टर घुटमळत होते. एकदा मनात आलेली शंका पुसायला खोबरेल पुरत नाही.

तेव्हा हसुरामने गाडीचं मागचं दार उघडलं. "डाक्टर, या सायबाला दोष गावला नाय. मी दावतो." त्याने पायाखालची मॅट उचलली. खालचा पत्रा खाडीच्या खाऱ्या हवेने चाळणीसारखा खाल्लेला होता. त्यातून गल्लीतली माती दिसत होती.

"हे मला कशाला दाखवता?" डॉक्टर म्हणाले. "विकायची आहे ना तुम्हाला?"

"इकायची हाय. पन तुमी बाया-मानसं बसवनार. कोनाचा पाय आत गेला मंजे?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "गायकवाड, हे तुमच्या रिपोर्टमध्ये नाही."

"नाही."

"मॅट उचलली नव्हती?"

"नाही." कारण धडक सापडल्यावर मी बाकीची गाडी पाहिलीच नव्हती.

डॉक्टर खाली बसले, भोकात बोट घालून पाहिलं, उठले आणि हसुरामला म्हणाले, "पत्रा नवा बसवून द्या. गाडी माझी."

रविवारी टेम्पो घणसोलीत आला. पुढे कित्येक वर्षं हसुराम मार्केटला जाताना आमच्या ऑफिसखाली हॉर्न वाजवायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "सायब, काय ठोकलं काय आज?" गेल्या महिन्यात तो गेला. त्याच्या घरून परत आल्यापासून काहीही लिहायला घेतलं की हेच लिहिलं जातं, म्हणून एकदाचं लिहून टाकलं.

धंद्यातला धडा छोटा आहे. दोष न सापडणं फार धोक्याचं नसतं, कारण मग माणूस शोधत राहतो. खरा धोका पहिला दोष सापडल्यावर सुरू होतो. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी पहिला दोष दिसला की पेन खिशात ठेवत असे आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून पाहत असे. त्याने मी फार हुशार झालो असं नाही. माझे रिपोर्ट तेवढे लांबले, आणि वाडेकर साहेबांना लांब रिपोर्ट अजिबात आवडत नसत.