परत येण्याचा हक्क

मॉरिशसच्या त्या बाईंचा जबाब घेतला, ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून-दरोड्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळतात, पण ही घटना जशीच्या तशी आहे. नावं देत नाही. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, वळसंगच्या बाजूचं, एवढं पुरे.

सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस नाव सांगायला तयार नव्हता.

"सायेब, आमच्या गावात एक परदेशी बाई ऱ्हातीया. तिच्याकडं पासपोर्ट न्हाय, व्हिसा न्हाय. म्हातारीला कोंडून ठिवलंय, जमीन लिवून घ्यायची हाय तिला."

असल्या फोनांतले निम्मे भाऊबंदकीचे असतात. तरी दुर्लक्ष करून चालत नाही. स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट हवालदार व महिला शिपाई यांना घेऊन निघालो.

कोंडलेलं कोणी नव्हतंच. दार सताड उघडं होतं. ओसरीवर घडी घातलेल्या घोंगड्यावर ऐंशीच्या पुढची म्हातारी बसली होती आणि पन्नाशीच्या एक बाई तिच्या पायांना तेल चोळत होत्या. म्हातारीचा एकुलता मुलगा सोलापूरच्या यंत्रमागांवर काम शिकून मॉरिशसच्या कापड गिरणीत गेला होता. तिथेच त्याने या बाईंशी लग्न केलं. तो वारला आणि इकडे म्हातारीचा खुबा मोडला. तेव्हा बाई नर्सची नोकरी सोडून, कधी न पाहिलेल्या या गावात येऊन राहिल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूला त्यांनी काठीवर उभं केलं. हे सगळं पोलीस पाटलांनी सांगितलं.

बाईंचे पणजोबा कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले. अशा भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला आपलं सरकार ओसीआय कार्ड देतं. त्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण येण्या-जाण्याला आणि राहायला आयुष्यभर मोकळीक असते.

"कार्ड आणि पासपोर्ट दाखवा," मी म्हणालो.

"दोन्ही हरवले आहेत, महोदय," बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचं मराठी शाळेत शिकलेलं, पुस्तकातल्यासारखं होतं.

"तक्रार का दिली नाही?"

"शोधते आहे."

पण त्या शोधत नव्हत्या. पासपोर्ट हरवलेला माणूस आधी ठाण्यात धावतो, घर उलटंपालटं करतो. या बाई तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या. मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, कारवाईची ताकीद दिली. त्यांचे डोळे भरून आले, पण उत्तर बदललं नाही.

जिल्ह्याच्या विशेष शाखेकडून कळलं की कार्ड खरं आहे, वैध आहे. म्हणजे बाईंचं इथलं राहणं कायदेशीर होतं. मग लपवण्यासारखं काय होतं?

फोन करणाऱ्याला हवालदाराने तासाभरात शोधून आणलं. म्हातारीचा पुतण्या, तिची शेती तोच कसत होता. मी त्याला एकच विचारलं, "बाईंकडे कागद नाहीत, हे तुला कसं कळलं?"

तो गडबडला. "चुलतीनंच इचारलं की मला. ते बुक नसलं तर इमानात बसू देत्यात का, आसं."

मी पुन्हा ओसरीवर गेलो. गावभर काठी टेकत फिरणारी म्हातारी सकाळपासून त्या घोंगड्यावरून उठली नव्हती. ऊन अंगावर आलं तरी सरकली नव्हती. मी बाईंना बाजूला घेतलं.

"तुम्हाला माहीत आहे ना, पासपोर्ट कुठे आहे?"

त्यांनी एकदा ओसरीकडे वळून पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी कन्या तिकडे बाळंत होणार आहे. मला जावं लागेल, हे आत्याबाईंनी ऐकलं. त्यांचा मुलगा गेला तो परतला नाही. मी हिसकावून घेतलं, तर मी परत येईन यावर त्यांचा विश्वास कसा बसेल? त्यांनी स्वतः द्यावं, म्हणून थांबले आहे. आणि पोलिसांपुढे सासूला चोर कसं म्हणू?"

लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं, वर पोलिसांचा ससेमिरा. तरी बाई थांबल्या होत्या. मी टोपी काढली आणि म्हातारीपुढे जमिनीवर बसलो.

"आजी, सुनेच्या त्या कार्डाचा अर्थ ठाऊक आहे का? सरकारनं लिहून दिलंय, ही आपल्या रक्ताची आहे. हिनं केव्हाही यावं, राहावं. दर खेपेला परवानगी मागायची नाही. आम्ही पोलीससुद्धा हिला अडवू शकत नाही."

"जलमभर?"

"जन्मभर."

"आन् हिला यावंसं न्हाय वाटलं तर?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई पुढे आल्या. "आत्याबाई, तुमच्या पायाचे व्यायाम अजून राहिले आहेत. दुसरं कोण करून घेणार?"

म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. मग कण्हत उठली, घोंगड्याची घडी उलगडली आणि पासपोर्ट व कार्ड सुनेच्या हातात ठेवलं. "जा बाई. लेकरू वाट बगत आसंल," म्हणाली आणि सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली. पुतण्याला मी ठाण्यात समज दिली आणि स्टेशन डायरीला तशी नोंद करून प्रकरण मिटवलं.

बाई गेल्या. चारेक महिन्यांनी त्या बाजूला बंदोबस्त होता, म्हणून गाडी वळवली. ओसरीवर दोघी मोबाईलमधला पणतीचा फोटो बघत होत्या. "नाक माज्या लेकाचंच हाय की!" म्हातारी मला दाखवत म्हणाली.

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी ते नोकरीभर वापरलं. तो कोणालातरी सांभाळतही असू शकतो, हे मला त्या बाईंनी शिकवलं.