रंग खरवडला होता ना?

हे मी आजवर लपवून ठेवलं होतं — बायकोपासून, आणि आमच्या गाडीवेड्या मित्रांच्या ग्रुपपासून तर नक्कीच. गेल्या रविवारी ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगून आलो. आता तुम्हाला सांगतो.

तसं बघितलं तर गोष्ट एका शब्दाची आहे. पण त्या शब्दाआधी गाडी येते, म्हणून जरा दमानं घ्या.

माझ्याकडे एक जुनी पेट्रोल गाडी आहे. चार वर्षांपूर्वी मी तिला ताकद वाढवणारा टर्बो बसवला. टर्बो आला की इंजिनाचा मूळ कॉम्प्युटर — पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारा डबा — पुरा पडत नाही, दुसरा लागतो. परदेशी डबा आवाक्याबाहेर. कुणाचा वापरलेला घ्यावा, तर त्यानं तो कसा वापरला देव जाणे. तीन महिने मी नुसती तुलनाच करत बसलो होतो. शेवटी मालेगावचे अन्वरभाई सापडले. यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक सर्किटं दुरुस्त करायचे, आणि हौस म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरचे बोर्ड स्वतःच्या हातानं जोडायचे. काम इतकं सुबक की मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

बोर्ड देताना त्यांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. "अर्थिंगची वायर जिथं कसशील ना, तिथला रंग खरवड. रंगातून करंट जात नाही. पत्रा चमकला पाहिजे, भाई."

आणि मी काय केलं? मी नुकताच बॉनेटखाली सगळीकडे निळा रंग मारून घेतला होता, तोंड दिसेल असा. त्याला कानस लावायची? — जीवच होईना. तसाच नट आवळला. कंपनीत मी क्वालिटीला आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. हेही सांगून टाकतो, आता लपवायचं तरी काय?

गंगापूर रोडला एका सकाळी ग्रुप जमला. अन्वरभाई आपला बोर्ड चालताना बघायला मुद्दाम एसटीनं आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. गाडी झक्कास सुरू झाली. इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा लागला, त्यानं करंट ओढला, आणि गाडी आचके देऊन बंद. पुन्हा सुरू केली — पुन्हा बंद. पंधरावीस जण बघत होते. अन्वरभाई माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "रंग खरवडला होता ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. त्यांनी नट उघडूनसुद्धा पाहिला नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. बोर्डच खराब निघाला असं स्वतःच सगळ्यांना म्हणाले, माफी मागितली आणि स्टँडकडे जाणारी रिक्षा धरली. ग्रुपमधल्या ज्या दोघांनी त्यांना बोर्ड करायला सांगितले होते, त्यांनी नको म्हणून कळवलं. मी गप्प बसलो.

मग पोटाला चिमटा घेऊन परदेशी डबा आणला. तो बसवताना अर्थिंगचा नट काढला, तर खाली निळा रंग जसाच्या तसा. खरवडला. गाडी लोण्यासारखी चालली. "नावाचा माल तो नावाचा," मित्र म्हणाले, आणि मी मान डोलावली. तेव्हा फोन करता आला नसता? आला असता. मला भित्रेपणा नडला म्हणावं तर — छे, तो मला सोयीचा पडला.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना तो बोर्ड हाती लागला. बसवून पाहिला. त्र्यंबकपर्यंत जाऊन आलो, पंखा कितीदा तरी लागला, गाडी एकदाही अडखळली नाही. रविवारी त्याच बोर्डावर मालेगावला गेलो.

सगळं एका दमात सांगितलं. अन्वरभाईंनी बॉनेट उघडायला लावलं आणि पंखा लागेपर्यंत उभे राहिले. लागला. इंजिन चालत राहिलं.

"मला वाटलं, नजर गेली आपली," ते म्हणाले. "बारीक काम मी त्या दिवसापासून सोडलं, भाई. आता फक्त यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करतो."

चार वर्षं हा माणूस आपल्या धडधाकट डोळ्यांवर संशय घेत बसला, आणि मी इकडे निळा रंग पुसत होतो. त्यांनी चहा विचारला नाही. विचारायला नकोच होता.

परतताना चांदवडपाशी लक्षात आलं, की मी गाणं गुणगुणतोय. खरं सांगतो, फार हलकं वाटत होतं. अजूनही वाटतंय. इतकं हलकं वाटावं याची लाजही वाटते, पण ते हलकेपण काही जात नाही.

आता तुम्हाला एवढं सांगून झालं की ग्रुपवर टाकणार आहे, माझ्या नावानिशी. चारच ओळी आहेत. अन्वरभाईंचा बोर्ड चांगला होता. रंग मी खरवडला नव्हता. खरवडला म्हणून खोटं बोललो. आणि त्यांनी मला विचारलं होतं.