मनात म्हणा, आप्पा

माझ्या वडिलांनी तीस वर्षं जप केला तो यंत्रमागाच्या खडखडाटात. धागा तुटला की गाठ मारायची, माग सुरू करायचा, आणि तोंडाने ‘ॐ नमः शिवाय’ चालूच. तिथे शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, तर देवाचं नाव हळू कशाला घ्यायचं? कान तिथेच गेले. काम सुटल्यावर ते डिंडोलीच्या आमच्या दोन खोल्यांत बसले, तरी जप त्याच पट्टीत. आपण पुटपुटतोय असं त्यांना वाटे, खाली रिक्षावाल्यालाही ऐकू जाई.

आई होती तोवर ती त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवी आणि आवाज उतरे. ती गेली, आणि पहाटे पाचपासूनचा तो जप माझ्या डोक्यात जाऊ लागला. मी चिडका माणूस आहे, लपवत नाही. फेब्रुवारीत शेजारीण अगदी संकोचून सांगायला आली की मुलीची दहावी आहे. मला आयतंच निमित्त मिळालं. आप्पांच्या कानाशी जाऊन म्हटलं, पोरीची परीक्षा होईपर्यंत मनात म्हणा. खरा जप मनातलाच, असं वर ज्ञानही पाजळलं. त्यांनी मान हलवली.

घर शांत झालं. मला फार बरं वाटलं. आप्पा मात्र माळ घेऊन बसत आणि मणी पुढे सरकत नसे. जेवणही कमी झालं. वय झालं, असं मी बायकोला सांगितलं.

परवा न राहवून कानाशी विचारलं, जप का होत नाही? नमः म्हणजे डोकं त्याच्या पायांवर ठेवायचं, डोक्यात काही उरू द्यायचं नाही, हे लहानपणी त्यांनीच मला शिकवलेलं. ते माळेकडे बघत म्हणाले, “मनमा म्हनाले बसनू का तुन्ही मायनंच नाव येस.”

मनात म्हणायला बसलं की देवाऐवजी आईचंच नाव. आत्ता म्हणा, मोठ्याने म्हणा, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं.

“त्या पोरनी परीक्षा सरनी का?”

परीक्षा संपून दोन महिने झाले होते. निकालाचे पेढेही येऊन गेले होते. आप्पांना कळू नये म्हणून त्यांच्या वाटचा पेढा मीच खाल्ला होता.