धूपछाँव रंगाची माशी

"शेड उन्हात बघायची, साईं. ट्यूबलाइट खोटं बोलते," असं मला म्हणत शेजारचे सिंधी शेठ दोन बोटांची चिमूट उन्हाकडे तिरकी करायचे. चिमटीत काही नसायचं. जन्मभर ब्लाउजपीस धरलेली बोटं ती. दुकान सुटलं, चिमूट सुटली नव्हती.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी घेऊन तिकडे रंग जुळवायला गेला असाल, तर असे एक शेठ तुम्हीही पाहिले असतील. दुकान मुलाकडे देऊन ते बदलापूरला आमच्या शेजारी आले आणि गॅलरीत झेंडू लावून बसले.

एका सकाळी त्यांनी मला बाहीला धरून तिथे नेलं. झेंडूवर माशी होती. हिरवी, वळली की निळी, मध्येच तांब्याची झाक. डोळे लालभडक.

"धूपछाँव," ते कुजबुजले. "रामा नाही, बॉटल ग्रीन नाही. असा माल मी कधी ठेवलाच नाही. नाव काय हिचं? तुम्ही तर सायन्सवाले."

सायन्सवाला म्हणजे प्राणिशास्त्राची पदवी घेऊन अंबरनाथच्या कारखान्यात खरेदीची बिलं तपासणारा मी. 'माहीत नाही' म्हणायला काय जात होतं? "फुलमाशी," मी म्हणालो. ते जरा कोरडं वाटलं म्हणून पुढे जोडलं, "दुर्मीळ आहे."

त्या दिवसापासून वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना फुलमाशी माहीत झाली. मला रोज जिन्यात बातमी मिळायची, "साईं, मॅडम येऊन गेल्या."

मग एकदा मासळी बाजारात गेलो. बोंबलांच्या टोपलीवर मॅडम पन्नासेक बहिणींसह बसल्या होत्या आणि कोळीण त्यांना पुठ्ठ्याने हाकलत होती. तेच रंग, तेच डोळे. घाणीवरची साधी हिरवी माशी.

सांगून टाकायचं ठरवूनच घरी आलो. शेठ दारातच उभे. "रविवारी कॅम्पातले दोस्त येतायत, खास फुलमाशी बघायला. दाल-पकवान आहे. तुम्ही पाहिजेच."

"येतो की," मी म्हणालो. बोंबलांची पिशवी मागे लपवली.

रविवारी तीन म्हातारे कापडवाले कुंडीवर वाकले. माशी येऊ नये म्हणून मी मनात देवाला विनवत होतो; ती आली. एकाने चष्मा सरकवला. समोरच्याच दुकानाचा मालक, जन्माचा स्पर्धक.

"अरे, ये तो कचरे की मक्खी है. आपल्या कॅम्पात होलसेलमध्ये मिळते."

तिघंही पोट धरून हसले. शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मी पकवानाचा तुकडा डाळीत बुडवत होतो, जणू पदवी त्याचीच घेतली होती.

"नाव मीच ठेवलं," शेठ म्हणाले. "साईंना विचारलंच नाही. पण तू शेड तर बघ."

नंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं. मी मात्र दार उघडण्याआधी कानोसा घेऊ लागलो, ते जिन्यात नाहीत ना म्हणून.

मागच्या थंडीत ते गेले. मुलगा झेंडूच्या कुंड्या घेऊन आला. "पप्पा बोलले होते, साईंकडे दे. त्यांना यातलं समजतं."

कुंडी ठेवतो न ठेवतो तोच माशी येऊन बसली.

"कचऱ्यावरची आहे ही," मी म्हणालो. "फुलमाशी नाव मी ठेवलं होतं. तुझ्या पप्पांनी नाही."

"माहितीये, अंकल." तो वाकला. दोन बोटांची चिमूट त्याने उन्हाकडे तिरकी केली आणि बराच वेळ तशीच धरली.