फणसासारखी वाजवलेली सायकल

आधी आंटीचं सांगते, मग सायकलीचं. आंटी म्हणजे तारकर्लीतली माझी घरमालकीण. नवरा गोव्यात नोकरीला लागल्यापासून घर, माड आणि परसातले फणस एकटीने सांभाळणारी बाई. मी वऱ्हाडातली, नववीत शाळा सोडलेली. समुद्र पहिल्यांदा बघितला तोच इथे कामाला आले तेव्हा. तिने मला मागची खोली दिली, आणि पुढे, मी जिथे काम करते त्या सायकल-सहलींच्या मालकांच्या चार सायकली ठेवायला स्वतःची पडवीही दिली. त्या दिवशी ती पडवीत नसती, तर आज मी पाहुण्यांना सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं पठार, दाखवत फिरत नसते.

सायकली साध्या नव्हेत. डोंगरात चालवायच्या, पुढच्या चाकाला शॉक, मागच्यालाही शॉक, आणि सांगाडा कार्बनचा. आल्या त्या दिवशी आंटीने एकीला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"हिका कॅरियर खंय गो?"

"नसतो आंटी."

"मगे नारळाचां पोतां खंय बांधूचां? तुझ्या मालकाच्या डोक्यार?"

मी म्हटलं, उचलून तर बघा. तिने एका हाताने उचलली, माझ्याकडे बघितलं आणि खाली ठेवली. "पोकळ आसा."

पोकळ खरीच, आणि तेच तिचं सुख. मागचा शॉक, त्याचे सांधे, जाड टायर, एवढा संसार अंगावर घेतलेली सायकल जड होणारच. निदान सांगाड्याने तरी त्यात भर घालू नये. आमच्या वाटेवर जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी आहे, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जुनी ॲल्युमिनियमची घेऊन चढले की वर पोचल्यावर पाहुण्यांशी बोलायला श्वास उरायचा नाही. त्यात खारा वारा. ॲल्युमिनियमच्या रंगाखाली पांढरे फोड यायचे, लोखंडाचं तर विचारूच नका. कार्बनला गंजायला काही नाहीच. बोल्ट तेवढे पुसायचे, तेल लावायचं.

एकच भीती होती. मालकांनी बजावून ठेवलं होतं, ॲल्युमिनियम वाकलं की दिसतं. कार्बनचे आतले थर आपटून सुटले तर वरून दिसेलच असं नाही. मला काळजी करायला तेवढं पुरतं. मी कुलूप लावून निघाले तरी परत येऊन ओढून बघणारी.

फणसांचे दिवस होते. एका दुपारची गोष्ट. दुसऱ्या सकाळी मी पहिल्यांदाच एकटीने तीन पाहुण्यांना सड्यावर नेणार होते. वाट एकदा बघून यावी म्हणून गेले, आणि काजूच्या सुक्या पाल्यावर चाक सटकलं. मला नुसतं खरचटलं, पण सांगाड्याची खालची नळी दगडावर आपटली. रंग उडाला, एक रेघ उमटली. रंगातली की आतली?

मालक कोल्हापूरला. फोन लावला. "तुला लागलं का?" त्यांनी आधी तेच विचारलं. मग म्हणाले, "नाणं घे आणि नळीभर वाजव. सगळीकडे टणक आवाज आला तर ठीक. कुठे बद्द आला तर चालवायची नाही. उद्याचं रद्द करू." पाचवी सायकल नव्हतीच. पुन्हा एकटीला पाठवतील की नाही, देव जाणे.

मी पडवीत बसून वाजवू लागले. आधी सगळीकडे बद्दच ऐकू येई. पुन्हा वाजवलं की सगळीकडे टणक. माझ्याच कानांवरचा माझा विश्वास उडाला.

"काय वाजवतंस गो?" आंटीने विचारलं. सांगितलं. "सर थंयसून. जल्मभर फणस वाजवलंय मी."

नाणं घेतलं, डोळे मिटले आणि हँडलकडून खाली हळूहळू वाजवत गेली. नळी संपत आली तसा तिचा चेहरा पडला.

"नाय गो."

मी विचारलं, "काय नाही?"

"कच्चो. खंयच पिकाक नाय."

क्षणभर मला कळेचना. मग कळलं. फणस बद्द वाजला की पिकला, टणक वाजला की कच्चा. तिला बिचारीला माझ्यासाठी वाईट वाटत होतं!

"आंटी, कच्चाच पाहिजे!"

"कच्चोच व्हयो? मगे रडतंस कित्याक?" आणि पुन्हा वाकली. "पण पायडलाच्या वर मातसो बद्द बोलता हां."

झालं, उद्याचं रद्द. पण आंटी उठली, शेजारची सायकल ओढली आणि तिच्यापुढे फतकल मारून बसली. ती त्या चांगल्या सायकलीवर वाजवी, मी माझ्या सायकलीवर, त्याच जागी. टण, टण. टण, टण. पायडलाच्या वर, बद्द आणि बद्द. बाकीच्या दोघींतही तिथे तसंच. ती जागाच मुळात जाड. रेघेपाशी मात्र चारही सारख्याच टणक.

मासळीची पाटी घेऊन जाणारी शेजारीण कुंपणापाशी थांबली. "काय गो आंटी, तू भजनाक कधीपासून लागलंस?"

"तू टाळ घेवन ये, मगे सांगतंय!"

मालकांना फोनवरून चारही सायकली ऐकवल्या. ते हसत सुटले. म्हणाले, "जा उद्या."

गेले. पाखाडी खांद्यावर सायकल घेऊन चढले, आणि वर पोचूनही पाहुण्यांना करवंदाची जाळी दाखवण्याइतका श्वास शिल्लक होता. उतारावर जांभ्याची खडखड शॉकने गिळली, उरलेली बारीक थरथर सांगाड्यातच जिरली. हाताला मुंग्या नाहीत, खाली सगळा समुद्र, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "माय वो!" तिन्ही पाहुणेही मागून "माय वो!" करत उतरले.

परत आले तर आंटी पडवीत उभी. आधी नळी वाजवली. "अजून कच्चोच." मग मला जेवायला वाढलं.

आमच्याकडे फणस नाहीत. नदीच्या वाळूत टरबुजं होतात, आणि माझी आई ती अशीच वाजवून निवडते, हे मी जेवताना तिला सांगितलं. आंटीने वाळूतलं टरबूज कधी बघितलेलं नाही. तर आंटी, एक दिवस मी तुम्हाला आमच्या गावी नेणार, नदीच्या वाळूत आईशेजारी बसवणार. हवं ते टरबूज वाजवून तुम्हीच निवडायचं. आणि गाडीत माझ्या शेजारी नारळाचं पोतं ठेवायचं असेल, तर तेही ठेवू.