धुतलेला हात

म्हातारीनं नातवाच्या अंगावर रांजणातलं गार पाणी ओतलं. थंडीचे दिवस होते. पोरगं कुडकुडत उभं, आणि मी समोर. मग तिनं त्याच्या पाटीवर गोमूत्र शिंपडलं. पोराचा गुन्हा एवढाच, की मी त्याचा हात धरून अक्षर गिरवून घेतलं होतं.

मी मास्तरीण. नागपुरात ट्रेनिंग झालेली. नवीन राज्यं झाली, नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे मराठी लोक इकडे हिंदी राज्यातच राहिलो. कायद्यानं अस्पृश्यता गेली होती. माझी जात मात्र लोकांनी माझ्यापेक्षा जास्त जपून ठेवली होती.

शेठ पांढुर्ण्यातला कापसाचा अडत्या, शाळा कमिटीवरचा माणूस. त्याचा मुलगा दिनू मोठ्या शाळेत तिसरीत होता आणि त्याला वाचता येत नव्हतं. अख्खा धडा घडाघडा पाठ म्हणायचा. मधल्याच शब्दावर बोट ठेवलं की गप्प. तिथल्या गुरुजींनी छडीनं त्याला पार भेदरवून टाकलं होतं. आमच्या वस्तीतली पोरं माझ्या शाळेत भराभर वाचायला लागली, हे शेठच्या कानावर गेलं. घरी येऊन शिकवायचं बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती.

मागच्या दारानं यायचं. ओट्याखाली बसायचं. पोराला शिवायचं नाही. शेठच्या म्हाताऱ्या आईनं मला कापसाच्या पऱ्हाटीची लांब काडी दिली, दुरून अक्षर दाखवायला. ढोरं हाकतात तशी मी काडी धरून शिकवत होते. संताप व्हायचा, पण पोराकडे बघून गिळायची.

काडीनं काही होईना. त्याचं बोट अक्षरावर टिकेचना. शेवटी मी काडी टाकली आणि त्याचा हात धरला. व. ज. न. रोज बापाच्या तोंडी असलेला शब्द, काना नाही, मात्रा नाही. तीनदा गिरवला. मग त्यानं माझा हात सोडला, स्वतः बोट सरकवत एकेक अक्षर जोडलं आणि वाचलं, "वजन." पोरगं खुदकन हसलं. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली.

पाणी ओतून झाल्यावर ती म्हणाली, "दुरून शिकव म्हटलं होतं न तुले? हात कायले लावला?"

दिनू आपल्या ओल्या हाताकडे बघत होता. आता त्याला वाचनाचीच भीती बसणार, हे मला दिसत होतं. माझं डोकं फिरलं.

"आजी, माह्या हातानं त्याचा हात बाटला, तर अक्षरही बाटलं," मी म्हणाले. "तेही धुवा. डोक्यातून निघते का पाहा."

पुढच्या दारानं बाहेर पडले.

दोन दिवसांनी शेठचा मुनीम शाळेत आला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा आधी शाळेच्या कौलांबद्दल बोलत बसला. मग म्हणाला, "बाई, या तुम्ही. आता तुमच्यासमोर नाही धुणार पोराले."

समोर नाही. मी गेल्यावर.

मी त्याला सांगितलं, दिनूला इथं पाठवा. माझ्या वर्गात, वस्तीतल्या पोरांच्या तागाच्या टाटपट्टीवर बसेल. मुनीम उठून गेला. दिनू आला नाही. कमिटीनं माझी बदली तिगावला करायला लावली.

बदली करा. जिथं पाठवाल तिथं मी पोरांचे हात धरूनच शिकवीन, आणि कोणाच्या अंगणात जाऊन शिकवणार नाही. ज्याला आपल्या पोरानं वाचावं असं वाटतं, त्यानं त्याला माझ्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवावं. नसेल बसवायचं तर राहू द्या अडाणी. त्याचं पाप माझ्या माथी नाही.